मारवाडी घोडा : कान नंतर, पाय आधी

मंडळी, मारवाडी घोड्याचे कान आधी उरकून टाकू, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. दोन्ही कान आत वळलेले, टोकं एकमेकांना भिडलेली किंवा भिडायला बोटभर कमी, आणि बुडापासून १८० अंशांपर्यंत फिरणारे. असे कान मुख्यतः दोनच जातींत दिसतात, मारवाडी आणि काठियावाडी. देखणे आहेत, जातीची ओळख आहेत, बाजारात त्यांना पैसाही मिळतो. पण खोगीर टाकून तीस किलोमीटर जायचं असेल तर टोकं भिडतात की नाही याने काहीही फरक पडत नाही. लगामाची कपाळपट्टी मात्र बघून घ्यावी लागते. ती आखूड असली तर कानाच्या बुडाशी घासते, घोडा डोकं झटकत राहतो आणि आपण म्हणतो, जनावर खोडकर आहे.

ही जात मारवाडची, म्हणजे जोधपूर, बाडमेर, जालोर, पाली हा पट्टा. बाडमेरकडच्या जुन्या मालाणी भागातल्या घोड्यांना आजही वेगळा मान आहे. मारवाडच्या राठोड राजपुतांनी हे घोडे जोपासले ते स्वारीसाठी, आणि स्वारी कुठली, तर पायाखाली वाळू, डोक्यावर ऊन आणि एका पाणवठ्यापासून दुसऱ्यापर्यंत लांबचा पल्ला. या तीन गोष्टींनी जातीची निवड झाली. जागिरी गेल्या, तशी पदरी घोडे ठेवणारी घराणीही आटली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर जात फार खाली आली. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनी त्याआधीच, १९३० च्या दशकात, आणि पुढे महाराजा गजसिंह यांनी चांगले वळू राखले, १९९९ मध्ये इंडिजिनस हॉर्स सोसायटी उभी राहिली, आणि मग गाडी रुळावर आली. चेतक मारवाडी की काठियावाडी, हा वाद दोन्हीकडचे लोक हिरीरीने घालतात. त्यात आपण पडायला नको.

काठियावाडीचा विषय निघालाच आहे तर फरक सांगून ठेवतो, कारण जत्रेत सरमिसळ होते. काठियावाडी चणीने लहान, चेहरा डोळ्यांखाली आत दबलेला, आणि शुद्ध काठियावाडीत काळा रंग नसतो. मारवाडी उंच, चेहरा लांब आणि सरळ, कपाळ रुंद, तोंड निमुळतं, मान वरून निघालेली. काळा, कुमैत (लालसर तपकिरी), अबलख (पांढऱ्या डागांचा), सगळे रंग त्यात सापडतात.

आता पाय. मारवाडीचा पाय लांब, कोरडा आणि बारीक दिसतो. कोरडा म्हणजे कातडीखाली स्नायुबंध दोरीसारखे स्वतंत्र दिसतात, सांध्यांवर सूज किंवा चरबीचा थर नसतो. गुडघ्याखाली टेप लावून घेर मोजा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला साडेसहा-सात इंच घेर चांगला. खूर लहान पण घट्ट असतो. राजस्थानात पुष्कळ घोडे वर्षभर नालाशिवाय चालतात. खांदा इंग्रजी घोड्यापेक्षा थोडा उभा असतो. पाश्चात्त्य पुस्तकं वाचून आलेला माणूस याला दोष म्हणतो. वाळूत रुतलेला पाय सरळ वर उचलायला हाच खांदा उपयोगी पडतो, असं मारवाडात मानतात, आणि वाळूतली चाल पाहिली की ते पटतं. याची किंमत डांबरी रस्त्यावर द्यावी लागते. उभ्या खांद्याचा घोडा कडक जमिनीवर जास्त दणके घेतो. म्हणून पुण्या-मुंबईकडे मारवाडी ठेवणाऱ्यांनी डांबरावर दुडकी टाळावी, कच्ची वाट धरावी.

खरा दोष वेगळा आहे, अरुंद छाती. घोड्यासमोर उभं राहा. पुढच्या दोन पायांत एका खुराएवढीही जागा नसेल तर चालताना एक पाय दुसऱ्यावर आपटतो आणि खुराच्या वरच्या सांध्याला आतून जखमा होतात. विकणारा घोडा बाजूने दाखवतो, मान वर करून, पाय ताणून. तुम्ही समोर जा, मग मागे जा, आणि सरळ रेषेत वीस पावलं चालवून परत आणायला सांगा. पाय बाहेर फेकला जातो की आत, ते चालण्यात दिसतं. पळण्यात सगळं लपतं.

आता चालीकडे येऊ. मारवाडीची खरी मौज रेवाल चालीत आहे, आणि गंमत म्हणजे बाजारात तिच्याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं. साध्या दुडकीत तिरपे दोन पाय, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, एकत्र पडतात, मधे घोडा क्षणभर हवेत असतो, आणि त्या उडीनं स्वाराची पाठ दुखते. रेवालमध्ये एकाच बाजूचे दोन पाय पाठोपाठ पडतात, आधी मागचा, लगेच पुढचा, मग दुसऱ्या बाजूचे. टापा चार ऐकू येतात आणि घोडा जमीन कधीच पूर्ण सोडत नाही. त्यामुळे बैठक हलत नाही आणि दिवसभर बसलं तरी कंबर शाबूत राहते. सगळ्याच मारवाडींत ही चाल नसते. ज्यांच्यात असते त्यांच्यात ती शिंगरूपणापासून दिसते, आईमागे मोकळं धावतानाच.

पारखायची असेल तर डोळे मिटून टापा मोजा. चार स्पष्ट, सारख्या अंतराने ऐकू आल्या तर रेवाल. दोन-दोन ऐकू येत असतील तर ती दुडकी, किंवा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकणारी ताठ चाल. ती स्वाराला डावी-उजवीकडे हेलकावते. काही ठिकाणी पायांना दोऱ्या बांधून रेवाल ‘बसवतात’. त्यातून बहुतेकदा ती ताठ चालच तयार होते, पाठ आखडते आणि घोडा वळणावर अडखळतो. उपजत चाल असलेल्या घोड्याला शिकवायचं एवढंच असतं की स्वार वर असतानाही ती टिकव. त्यासाठी हलक्या उतारावर, सैल लगामाने, लांब पावलाच्या चालीतून हळूहळू वेग वाढवायचा. दुडकीत फुटला की पुन्हा चालीवर आणायचं. रोज वीस मिनिटं पुरतात.

नाचाबद्दल दोन शब्द. वरातीत पुढचे पाय उचलून थिरकणारा घोडा लोकांना आवडतो, पैसे उधळले जातात. पण ती तालीम खांबांमधे बांधून, मागच्या पायांवर सगळं वजन टाकून होते. मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्यावर, हॉकवर, त्याचा ताण येतो आणि कमी वयातच तो सांधा फुगायला लागतो. नाचाचा घोडा रपेटीसाठी घेत असाल तर तो सांधा दोन्ही हातांनी चाचपून, दोन्ही बाजूंची तुलना करूनच घ्या.

उंचीचा सोस हे आजचं मोठं दुखणं आहे. जुन्या धाटणीचा मारवाडी साधारण ५८ ते ६२ इंचांचा. आता प्रत्येकाला ६५ हवा. उंचीसाठी कुणी थरोब्रेडचं, म्हणजे इंग्रजी शर्यतीच्या घोड्याचं, रक्त घालतं, तेव्हा पाठ लांबते, खूर पातळ होतो, आणि जी काटकता मागायला आपण गेलो तीच हातची जाते. शिवाय मोजमापातही खेळ असतो. उंची मान पाठीला मिळते त्या उंचवट्याशी, सपाट जमिनीवर, डोकं नैसर्गिक ठेवून, सरळ काठीने मोजायची. कापडी टेप खांद्याच्या गोलाईवरून नेली की इंच-दोन इंच फुकट वाढतात, वाढलेला खूर आणखी अर्धा इंच देतो. पातळी दाखवणारा बुडबुडा असलेली काठी सोबत ठेवा. विकणारा रागावला तर रागावू दे.

वय दातांवर. खालचे मधले दोन कायमचे दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण जुळतं. पुढे अंदाज कठीण होतो. वरच्या कडेच्या दातावर हिरडीतून उतरणारी काळसर खाच दहाच्या आसपास दिसू लागते, पंधराला अर्ध्यावर, विसाला खालपर्यंत. हे बघायचं कारण एवढंच नाही की म्हातारा घोडा गळ्यात पडू नये. उलटी फसवणूक जास्त होते. दोन वर्षांचं शिंगरू उंच दिसतं म्हणून त्यावर माणूस बसवतात. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ अडीच वर्षांच्या आसपास थांबते, पाठीच्या मणक्यांची पाच-साडेपाचपर्यंत चालते. साडेतीनच्या आत वजन टाकलं की पाठ खचते, ती पुन्हा भरत नाही.

वजन काढायला काटा लागत नाही. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५, लांबी १५५ असेल तर साधारण ३५५ किलो. स्वार आणि खोगीर मिळून याच्या एक-पंचमांशावर जाऊ नये, म्हणजे इथे ७० किलो. आपल्याकडे ८५ किलोचा गृहस्थ दहा किलोच्या खोगिरासह या घोड्यावर बसतो आणि तो ‘दम नसलेला’ म्हणून विकतो!

खोगिराचं गणितही जुळायला हवं. मारवाडीचा खांद्याचा उंचवटा उंच आणि अरुंद असतो. रुंद खोगीर तिथे टेकतं. स्वार बसल्यावर उंचवटा आणि खोगीर यांत तीन बोटं आडवी जायला हवीत. जात नसतील तर जाड गादी घालून काम भागवू नका, गादी दाबली गेली की तीच जखम होते. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा बघा. ओल्या पाठीत कोरडा तुकडा दिसला तर तिथे दाब आहे. लगामाचंही तसंच. पारंपरिक काटेरी लगामानं घोडा डोकं वर ठेवतो, मान कमानदार दिसते, फोटो छान येतो. पण डोकं वर गेलं की पाठ खाली जाते आणि रेवाल तुटते. साधा, सांध्याचा, गुळगुळीत लगाम पुरेसा आहे. मारवाडीचं तोंड हलकं असतं. तापट म्हणून बदनाम झालेले कितीतरी घोडे नुसता लगाम बदलल्यावर शांत होतात.

स्वभाव सावध असतो, एका माणसाला चटकन ओळखतो. नवख्या स्वाराला तो जड जातो, हेही सांगायला हवं. लहान मुलांच्या रायडिंग क्लासला मारवाडी वळू ठेवणं शहाणपणाचं नाही. घोडी किंवा खच्ची केलेला घोडा ठेवा. आपल्याकडे वळूचाच हट्ट असतो, तो मिशीसाठी.

भोवरे (अंगावरची केसांची वळणं), देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), पंचकल्याण (चार पाय आणि तोंड पांढरं) यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. रपेटीत भोवरा काही करत नाही, पण पुढे विकताना किंमत पाडतो, त्यामुळे घेताना विचार होतोच. भोवऱ्यांचा एक उपयोग निर्विवाद आहे. कागदावर त्यांची जागा नोंदली की घोड्याची ओळख पटते. नुक्रा रंगाचं मात्र खरंखुरं वैद्यकीय कारण आहे. पांढरे केस, खाली गुलाबी कातडी. उन्हात नाक आणि डोळ्यांच्या कडा भाजतात आणि वारंवार भाजलेल्या जागी कर्करोगाची शक्यता वाढते. नुक्रा हवाच असेल तर दुपारची सावली आणि डोळ्यांवर जाळी, एवढी तयारी ठेवा.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाला घोडा घेणार असाल, तर ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद मागितल्याशिवाय पैसे काढू नका. हा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, घोड्यावर उपचार करत नाहीत, आणि बाधित जनावर कायद्यानेच नष्ट करावं लागतं. बाडमेरहून पुण्यापर्यंत हजारेक किलोमीटर होतात. गाडीत डोकं उंच बांधून ठेवलं की श्वासनलिकेतली घाण खाली निघत नाही आणि उतरल्यावर न्यूमोनिया होतो. दर चार-पाच तासांनी थांबा, दोर सैल करा, डोकं खाली घालू द्या, पाणी दाखवा.

घरी आल्यावर दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून लांब बांधा आणि रोज सकाळी ताप मोजा. १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर डॉक्टर बोलवा. खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. साडेतीनशे किलोच्या घोड्याला साडेपाच ते सात किलो कोरडी वैरण हा पाया, चंदी त्यावर. एका वेळी दीड किलोपेक्षा जास्त दाणा नको. मायेपोटी हरभरा आणि गूळ वाढवतात, त्यातून पोटशूळ होतो आणि खुरांत दाह भरतो. कोवळी हिरवी ज्वारी तर घालूच नका, तिच्यात सायनाइड तयार होतं. पूर्ण वाढलेला, वाळलेला कडबा चालतो.

आणि पावसाळा. वाळवंटातला खूर कोरड्या जमिनीला घट्ट असतो, कोकणात किंवा गोव्यात चार महिने ओल्या तबेल्यात उभा राहिला की तळाचा मऊ भाग सडतो, काळा चिकट स्राव आणि दुर्गंधी येते. जमीन उताराची करा, रोज खूर कोरून काढा आणि घोडा दिवसातून काही तास तरी कोरड्यावर उभा राहील असं बघा. घोडमाशा वाढतात त्याच दिवसांत सर्रा, म्हणजे या माशांतून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोगही पसरतो. ताप येऊन-जाऊन राहत असेल आणि पोटाखाली सूज असेल तर रक्त तपासायला वेळ लावू नका.