दोन भेटींच्या मधले दिवस

श्रोतेहो, मधुमेहाचा रुग्ण वर्षभरात डॉक्टरांसमोर फार तर काही तास बसतो. बाकी सगळा काळ गोळी, सुई, जेवणाची वेळ आणि पायांची निगा हे त्याचे त्यालाच सांभाळावे लागते. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते, पण ती का वाढली हे सांगत नाही. ते कारण शोधण्याचे काम दोन भेटींच्या मधल्या दिवसांत फोन करून विचारपूस करणारी परिचारिका करू शकते, आणि म्हणूनच तिचा फोन मी उपचाराचाच भाग मानतो.

अर्थात, ‘शुगर किती आली?’ एवढे विचारून ठेवलेला फोन केला काय आणि न केला काय, सारखेच. इन्सुलिन घेणाऱ्याला ‘सुई रोज कुठे टोचता?’ असे विचारावे. कमी दुखते म्हणून अनेक जण पोटावर एकाच जागी टोचत राहतात. तिथे चरबीची गाठ धरते आणि तिच्यात सोडलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. साखर वाढलेली दिसते म्हणून मात्रा वाढवली जाते, आणि पुढे रुग्णाने जागा बदलली की तीच वाढीव मात्रा त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. हा सगळा गोंधळ एका साध्या प्रश्नाने टळू शकतो.

मराठवाड्यात या कामाची खरी कसोटी ऊसतोडीच्या हंगामात लागते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली माणसे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयत्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर कागद गावच्या आरोग्य केंद्रात आणि रुग्ण कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतो. उजाडण्यापूर्वी फडात जाणारा माणूस ग्लिमेपिराईडसारखी साखर उतरवणारी गोळी घेतो आणि भाकरी मात्र उशिरा खातो. मग घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हे सारे थकव्याच्या खात्यावर जमा होते, कारण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असताना बसून राहण्याची सोय नसते. साखर ७० च्या खाली गेली किंवा तशी लक्षणे दिसली, तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा, एवढे टोळीतल्या निदान दोघांना तरी पाठ असले पाहिजे. हे पाठ करून घेण्याची वेळ टोळी निघण्याच्या आधीची आहे.

गावातच राहिलेल्यांचे प्रश्न उन्हाळ्यात सुरू होतात. वापरात काढलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवडे टिकते, तीही तापमान ३० अंशांच्या आत असेल तरच. आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी बाटली पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. उपवासाबद्दलही बोलले पाहिजे, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे आणि त्याची खिचडी खाऊन साखर वाढली तर त्यात नवल नाही. (हे भर एकादशीला सांगणाऱ्याचे स्वागत कसे होते, ते आपण जाणताच.)

फोनला मर्यादा आहेत. पायाची बधिरता फोनवर तपासता येत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष हात लावावा लागतो. मात्रा बदलण्याचा निर्णयही डॉक्टरांचाच. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांशी जोडून देऊ शकतात, आणि परिचारिकेने टिपलेल्या नोंदी तेव्हा कामी येतात.

स्त्री रुग्णाच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी असते. घरातला फोन बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो आणि बोलणे स्पीकरवर चालते. साखर वाढल्यावर होणारी जननेंद्रियाची खाज किंवा लघवीची जळजळ ती चारचौघांत सांगणार नाही. म्हणून परिचारिकेने आधी ‘ताई, आता बोलायला मोकळ्या आहात का?’ असे विचारावे, आणि तसे नसेल तर आशाताईंमार्फत भेटीची वेळ ठरवावी.