पाच हजारांचा इसार

(दृश्य: अर्धं उघडलेलं शटर. आत कापडाखाली झाकलेलं मशीन.)

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. सकाळचे साडेनऊ वाजलेत. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर सुरू झालाय, समोर टेम्पोत कास्टिंग भरताहेत. या गाळ्यात मात्र कापडाखाली एक लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, उभं आहे. सहा फुटी, हरिहरच्या कारखान्यात बनलेलं किर्लोस्कर. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, त्याच्यावर 31 वर्षं काम केलं. पंपाचे शाफ्ट, ऑइल इंजिनचे बुश, चरकाच्या पिना. गुडघे बोलायला लागले, दिवसभर उभं राहणं जमेना, तेव्हा त्यांनी ते विकायला काढलं.

विकायला आम्हाला साडेतीन महिने लागले. त्यातले 70 दिवस खाल्ले ते पाच हजार रुपयांनी.

(दृश्य: मोबाईलवर मशीनचे फोटो. बेड, चक, टेलस्टॉक.)

जाहिरात मी टाकली. फोटो आठ, चालू मशीनचा एक व्हिडिओ, आणि आण्णांच्या आग्रहाखातर एक ओळ: चकाजवळ बेड थोडा झिजलेला आहे. चक म्हणजे काम पकडणारा जबडा, बेड म्हणजे मशीनचा लांब पाया. मी म्हटलं, हे कशाला लिहायचं? ते म्हणाले, "येणारा माणूस पहिलं बोट तिथंच फिरवणार आहे. आधीच सांगितलेलं बरं." ती ओळ वाचून काहींनी फोन केला नसेलही. पण ज्यांनी केला, त्यातल्या एकानेही पुढे बेडवरून भाव पाडला नाही.

पहिले दोन दिवस फोन खाली ठेवता येईना. मशीन न बघता, कुठून बोलतोय ते न सांगता, पहिलाच प्रश्न: "लास्ट किती?" आण्णांना या प्रश्नाचा त्रास व्हायचा. त्यांच्या धंद्यात आधी वस्तू बघतात, चहा होतो, मग आकडा निघतो.

तिसऱ्या दिवशी एक पार्टी आली, म्हणजे फोनवरच. बोलणं गोड. व्हिडिओ बघूनच म्हणाले, "मिस्त्री, मशीन माझं झालं. टोकन पाठवतो. आता दुसऱ्या कुणाला दाखवू नका." पाच मिनिटांत यूपीआयवर 5,000 रुपये आले. आण्णांनी मला जाहिरात काढायला लावली. कधी उचलणार, हे ना त्यांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं.

मग सुरू झालं. गाडी मिळत नाही. घरात लग्न आहे. बँकेचं कर्ज मंजूर व्हायचंय. एकदा तर शनिवार-रविवार बँक बंद असल्याचं कारण आलं. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असतं. ते मला तेव्हा सुचलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

त्या 70 दिवसांत दोन गिऱ्हाइकं पैसे घेऊन थेट गाळ्यावर आली. दोघांनाही आण्णांनी दारातूनच सांगितलं, "इसार घेतलाय." गाळ्याचं भाडं महिन्याला 9,000. हिशेब कुणीही करावा.

(दृश्य: आठवडी बाजार. जनावरांची दावण.)

इसार हा शब्द आपल्याकडे जुना आहे. आमच्या भागात विसारही म्हणतात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि विसाराची रक्कम हातावर पडली की ते जनावर दुसऱ्याला दाखवणं बंद. रक्कम थोडी असायची, पण तिच्या मागे चार माणसं उभी असायची. कोण कुठल्या गावचा, कुणाचा पाहुणा, हे सगळ्यांना ठाऊक. शब्द फिरवला तर पुढच्या बाजारात तोंड दाखवायला जागा नाही. तो विसार पैशाचा नव्हताच, ओळखीचा होता.

मोबाईलवर पाच हजार येतात, पण ती चार माणसं येत नाहीत. आण्णांनी जुन्या बाजाराचा नियम पाळला, समोरच्याला तो बाजारच माहीत नव्हता. त्यांची चूक झाली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यांच्या शब्दाला आधार द्यायला एक कागद हवा होता, हे खरं.

कागदावर काय हवं, हे कायदा बऱ्यापैकी सरळ सांगतो. इसार आणि ॲडव्हान्स हे दोन शब्द बोलताना आपण एकच समजतो. कोर्टात ते वेगळे आहेत. इसार म्हणजे व्यवहार पुरा करीन याची हमी. व्यवहार झाला तर तो किमतीत वळता होतो, घेणाऱ्याने मोडला तर जप्त होऊ शकतो. ॲडव्हान्स म्हणजे नुसता किमतीचा एक हिस्सा. व्यवहार फिसकटला तर तो परत मागता येतो, विकणाऱ्याने फार तर आपलं नुकसान दाखवून मागावं.

याचा एक जुना खटला मला फार जवळचा वाटतो, कारण तोही वापरून टाकलेल्या मालाचाच आहे. 1946 साली टाटा एअरक्राफ्ट कंपनीने बंगालमधल्या पानागढला पडून असलेलं विमानांचं भंगार श्री हनुमान कॉटन मिल्सला विकायचं ठरवलं. किंमत 10 लाख. त्यातले 25 टक्के, म्हणजे अडीच लाख, आधी भरायचे. घेणाऱ्याने ते भरले, बाकीचे दिले नाहीत. कंपनीने अडीच लाख जप्त केले. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1969 साली निकाल लागला तो विकणाऱ्याच्या बाजूने. अटी आधीच लिहिलेल्या होत्या, आणि ती रक्कम इसार म्हणूनच दिलेली होती.

पण म्हणून इसाराच्या नावाखाली वाटेल ते गिळता येत नाही. 2015 साली दिल्लीतल्या एका भूखंडाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दिल्ली विकास प्राधिकरणाला जप्त केलेला इसार परत करायला लावला. प्राधिकरणाने तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त भावाने विकला होता. नुकसानच झालं नाही, तर भरपाई कसली?

आमच्या मोबाईलवरच्या मेसेजमध्ये काय लिहिलं होतं, माहितीये? "5000 पाठवले मशीन ॲडव्हान्स." तारीख नाही, एकूण भाव नाही, इसार हा शब्द नाही.

तारखेचं तर विशेष आहे. 1930 च्या माल विक्री कायद्यात पैसे देण्याची मुदत हा कराराचा गाभा धरत नाहीत, तसं दोघांनी ठरवलेलं नसेल तर. म्हणून "अमुक तारखेच्या आत बाकी रक्कम देऊन मशीन न उचलल्यास व्यवहार रद्द" हे एक वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे. ते नसेल, तर पैसे न आलेल्या विकणाऱ्याने आधी कळवायचं, वाजवी वेळ द्यायचा, आणि मगच दुसऱ्याला विकायचं. सत्तराव्या दिवशी आम्ही तेच केलं. आठ दिवसांची मुदत देऊन मेसेज पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी जाहिरात पुन्हा वर गेली.

(दृश्य: रात्र. मोबाईलचा उजेड चेहऱ्यावर.)

आणि लगेच दुसऱ्या जातीचा फोन आला.

माणूस म्हणाला, मी लष्करात आहे, वर्कशॉपसाठी मशीन हवंय, भाव मान्य. भाव कमी करा असं एकदाही म्हटलं नाही. त्यानं एक क्यूआर कोड पाठवला: "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." आण्णांनी फोन माझ्याकडे दिला, म्हणून वाचलो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घेताना कधीच लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. हे एवढं वाक्य मी आता गाळ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

यातले आणखी दोन प्रकार मला नंतर शेजारच्या गाळेवाल्यांनी सांगितले. एकात "पाच हजारांच्या जागी चुकून पन्नास हजार गेले, पंचेचाळीस परत करा" म्हणून रडवेला फोन येतो, सोबत बँकेसारखा दिसणारा मेसेज. खात्यात मात्र काहीच आलेलं नसतं. दुसरा जास्त वाईट. पैसे खरेच येतात, पण ते कुणा तिसऱ्याचे, फसवून काढलेले. त्या तिसऱ्याने तक्रार केली की माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि रक्कम गोठते. मशीन गेलेलं, पैसे अडकलेले. म्हणून पैसे पाठवणाऱ्या खात्याचं नाव आणि मशीन घेणाऱ्याचं नाव एकच आहे ना, हे बघायचं. फसलातच, तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन करायचा. पैसा पुढे सरकण्याआधी रोखता आला तर येतो.

(दृश्य: गाळ्याच्या दारात मोटरसायकल. एक तरुण मशीनवर वाकलेला.)

खरा गिऱ्हाईक कसा ओळखावा, यावर मी बरंच ऐकलंय. मी बघितला तो असा. सांगली जिल्ह्यातला तिशीचा मुलगा, मोटरसायकलवरून आला. आल्या आल्या भाव विचारला नाही. खिशातून बोळा काढून बेड पुसला, चकाजवळ बोट फिरवलं आणि म्हणाला, "लिहिलंय तेवढंच झिजलंय." मशीन चालू करून गिअर बदलून ऐकले. क्रॉस स्लाइडचं हँडल मागेपुढे करून किती मोकळं फिरतं ते बघितलं. एक बार लावून कट घेतला, मायक्रोमीटरने दोन्ही टोकांना मोजला. आण्णा बाजूला उभे होते, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांचा चेहरा सैल पडलेला बघितला.

भाव 1,90,000 ठरला. इथे एक गोष्ट राहून जाते आणि शेवटी त्यावरूनच मोडामोड होते: जीएसटी धरून की वगळून? आण्णांचा जीएसटी नंबर चालू असल्याने बिल द्यायचंच होतं. 18 टक्क्यांनी 34,200. एकूण 2,24,200. हे इसाराआधी बोललं गेलं. मुलाचाही नंबर होता, त्याला तो कर वळता मिळणार होता, त्यामुळे प्रश्न मिटला.

मग वहीचा कागद फाडून आम्ही तिथेच इसारपावती लिहिली. मशीनचं वर्णन, सोबत काय जाणार: तीन जबड्यांचा चक, स्टेडी रेस्ट, चेंज गिअरचा संच. एकूण रक्कम. इसार 20,000. बाकी दहा दिवसांत, मशीन उचलण्याआधी, बँकेतून. हायड्रा क्रेन आणि टेम्पोचा खर्च घेणाऱ्याचा. मुदतीत न उचलल्यास इसार जप्त. आणि आण्णांनी स्वतःहून सांगितलेली शेवटची ओळ: आम्ही मशीन दुसऱ्याला दिल्यास इसार दुप्पट परत.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "त्यानं बांधून घ्यायचं आणि आपण मोकळं राहायचं, असा कुठं इसार असतोय व्हय?"

मुलगा म्हणाला, बाकीची रक्कम रोखच आणतो. तसं करता येत नाही. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर आयकर कायद्याने तेवढाच दंड घेणाऱ्याला बसतो. मी त्याला आमचा खातेक्रमांक त्याच दिवशी बँकेत जोडून एक रुपया पाठवायला सांगितलं. नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका पहिला दिवस मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. हायड्रा तासावर भाडं मोजत उभा आणि पैसे अडकलेले, ही वेळ त्यामुळे टळली.

(दृश्य: हायड्राचा हूक खाली येतो. पट्टे आवळले जातात.)

नवव्या दिवशी टेम्पो आला. बोल्ट आदल्या रात्रीच सोडवून ठेवले होते. मुलाने आरटीजीएस केलं, स्क्रीनशॉट दाखवला. आण्णा म्हणाले, "फोटो ठेव बाबा, खात्यात दिसू दे." वीस मिनिटं आम्ही सगळे चहा पीत थांबलो. हायड्रावाला कुरकुरला. मग माझ्या बँकेच्या ॲपमध्ये 2,04,200 दिसले, पाठवणारा म्हणून त्या मुलाचंच नाव. बिल झालं. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल, म्हणून ई-वे बिलही काढलं. तेव्हा कुठे पट्टे आवळले गेले.

मशीन हवेत गेलं तेव्हा आण्णांनी हात लावला नाही. खाली फरशीवर चार बोल्टांची भोकं आणि तेलाने काळं न झालेला एक लांबट चौकोन उरला.

त्या आधीच्या पार्टीचा फोन महिन्याभराने आला. पाच हजार परत हवे होते. मी म्हटलं, दोन महिन्यांचं भाडं कोण देणार? आण्णांनी त्याच संध्याकाळी पैसे परत पाठवायला लावले. "आपण इसार म्हणून लिहून घेतलं नव्हतं," एवढंच बोलले. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

(दृश्य: मोबाईलवर व्हिडिओ. वेगळ्या शेडमध्ये तेच लेथ.)

चार दिवसांनी सांगलीहून एक व्हिडिओ आला. नव्या शेडमध्ये मशीन बसलेलं, पहिला कट चालू, लोखंडाच्या चिप्स निळसर होऊन गळताहेत. आण्णांनी चष्मा लावून तो तीनदा बघितला आणि मुलाला फोन लावला.

"टूल सेंटरच्या खाली बसलंय रे. खाली पत्र्याचं पॅकिंग घाल."