रिपोर्ट आधी बाजारात वाचायचा, मग बाइंडिंग

मला आज बोलायला विषय दिलाय पदवीच्या मुलांचं संशोधन आणि सामाजिक न्याय. त्यावर येतेच, पण आधी बाजारातली गोष्ट सांगते, माझं सगळं म्हणणं तिथूनच आलंय.

आमच्या टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुली आठवडी बाजारात सर्व्हेला गेल्या होत्या, भाजीवाल्या बायकांची कमाई हा विषय. माल कुठून आणता, टेम्पोचं भाडं किती, बाजारात बसायची पावती कितीची फाडतात, असले प्रश्न. ऊन मरणाचं, म्हणून एकीने आपली बाटली सहज एका मावशींपुढे धरली, तर त्या म्हणाल्या, "नको गं बाई, पाणी प्यायलं की मग जायचं कुठं?" सकाळी सहाला घर सोडलेलं, दुपारचे दोन वाजलेले, आणि बाईच्या पोटात पाण्याचा घोट नाही! फॉर्ममध्ये पाण्याचा रकानाच नव्हता. पोरीने समासात पेनने लिहून घेतलं आणि पुढे प्रत्येकीला तेच विचारत गेली. माझ्या मते संशोधन त्या समासात सुरू झालं.

आणि वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, काय विचारलं, तर सॅम्पल साइज आणि समास किती इंच सोडलाय ते. मला आजही राग येतो. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, रिपोर्ट कपाटात, कपाटाला कुलूप. पुढे दिवाळीच्या बाजारात त्याच मावशींनी त्या मुलीला हाक मारली, "अगं, लिहून नेलं होतंस, त्याचं काय झालं?" पोर माझ्यासमोर येऊन रडली हो.

मग आम्ही रिपोर्ट घेऊन परत गेलो, पोत्यावर बसून मोठ्याने वाचला. मागच्या ओळीतली एक आजी मध्येच म्हणाली, हे चुकलं. तुम्ही दोनला येऊन गेलात, आमच्यातल्या निम्म्या तीनलाच उठून जातात, थांबवतच नाही ना. म्हणजे संध्याकाळचं गिऱ्हाईक, खरी विक्रीची वेळ, तीच हातची जाते. वापरता येईल अशी मुतारी नाही म्हणून कमाई बुडते, हे आमच्या एकाही तक्त्यात नव्हतं. वाचून दाखवलं म्हणून सापडलं.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. जोतीरावांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा तो जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावांत जाऊन स्वतः वाचून दाखवला होता. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या कानावर आधी. आपल्याला तेवढंही जमू नये?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत, तर मुख्य मुद्दे पटापट सांगते. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि सीईपीला, म्हणजे समाजात जाऊन करायच्या कामाला, क्रेडिट आहेत, त्यातले काही मार्क वाचून दाखवण्याला ठेवा, आणि लोकांनी काय दुरुस्त केलं त्याचं एक पान रिपोर्टला जोडायला लावा. दुसरं, माहिती अधिकार 2005 पासून आहे, अर्जाला 10 रुपये, उत्तराला साधारण 30 दिवसांची मुदत, म्हणजे सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला तर उत्तर रिपोर्टमध्ये बसतं, आमच्या मुलींनी मुतारीच्या दुरुस्तीचा खर्च असाच मागवला. तिसरं, मुलं गावाकडची असतील तर रिपोर्ट ग्रामसभेत न्या, त्याआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे, तिथे आधी वाचा. आणि ज्यांची माहिती घेतली त्यांची नावं छापू नका, पावती फाडणारा माणूस तोच असतो, दर आठवड्याला त्यांना त्याच्याच समोर बसायचं असतं.

सीईपीच्या मार्कांचं तेवढं आजच्या ठरावात घ्या, मी लिहून आणलंय, कागद पुढे पाठवते.