कोंबडी म्हणजे मासा नव्हे

(फोंड्यात झालेल्या एका पाककला-व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागे ऐकू येतंय ना? पंख्याचा आवाज जरा जास्त आहे, पण तो राहू दे. थोड्या वेळानं इथे तेल तापायचं आहे.

आपल्या गोव्यात तळणं कुणी मुद्दाम शिकवत नाही. मुलगी स्वयंपाकघरात लुडबुडायला लागली की तिच्यापुढे बांगडा येतो. मीठ, हळद, तिखट, थोडं सोलांचं आगळ, मग रव्यात घोळवायचं आणि तव्यावर खोबरेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायचं. हे हाताला इतकं बसलेलं असतं, की कोंबडी तळायची वेळ आली तरी तोच हात तसाच चालतो. फसगत होते ती तिथे.

माझीही झाली. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष होतं. मुंबईहून नणंद आणि तिची मुलं आलेली. मुलांना ‘बाहेर मिळतं तसलं’ चिकन हवं होतं. मी तंगड्यांना रेशाद, म्हणजे विनेगरमध्ये वाटलेला लाल मिरचीचा मसाला चोपडला, इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या कापांना चोपडतात तसा सढळ हातानं. रव्यात घोळवल्या आणि कडकडीत तेलात सोडल्या. चौथ्या मिनिटाला रंग असा आला म्हणता, की मी स्वतःवरच खूश. सहाव्या मिनिटाला काळ्या पडायला लागल्या म्हणून घाईघाईनं काढल्या. धाकट्या भाच्यानं एक घास घेतला, तंगडी हळूच ताटात ठेवली आणि आईकडे बघितलं. हाडालगतचं मांस गुलाबी, काचेसारखं चकचकत होतं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. उठल्या, सगळे तुकडे गोळा केले, वरचा रवा सुरीनं खरवडला आणि तासाभरात त्यांची शागुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याचा रस्सा, करून वाढली. त्यांचं ते न बोलणं मला आजही ऐकू येतं.

आता बघा, चुकलं काय होतं? इसवणाचं काप बोटभर जाडीचं असतं. दोन्ही बाजू मिळून सात-आठ मिनिटांत ते होतं, आणि तेवढा वेळ रवा छान टिकतो. हाडासकट तंगडीला मात्र बारा ते चौदा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात रवा एकतर करपतो, नाहीतर दाताला खड्यासारखा लागतो. रेशादमध्ये साखर आणि लसूण, दोन्ही लवकर जळणारी. बोनलेसचे पातळ तुकडे असतील तर रव्याला माझी हरकत नाही, खुशाल लावा. हाडाच्या तुकड्याला मात्र नको.

तळण्यात आपलं सगळं लक्ष तेलाकडे असतं. मी पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी नजर पाण्याकडे जाते. कच्च्या कोंबडीत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. तेल १७० अंशांवर, पाणी उकळतं १०० ला. तुकडा तेलात पडला की पृष्ठभागावरच्या पाण्याची वाफ होते आणि ती जोरात बाहेर पडते. आपण जे बुडबुडे बघतो ते तेल ‘उकळत’ नसतं, ती ही वाफ असते. वाफेचा तो रेटा आहे तोवर तेल आत फारसं शिरत नाही. बाहेरचं आवरण कोरडं होत जातं, म्हणून कुरकुरीत होतं. आत पाणी असतं, म्हणून तिथलं तापमान शंभराच्या वर जाऊच शकत नाही. मग आपलं काम काय उरलं? आतलं पाणी आत ठेवायचं, बाहेरचं घालवायचं.

आतलं पाणी धरून ठेवतं मीठ. एक किलो कोंबडीला दोन सपाट चमचे मीठ, आणि ते आदल्या रात्री. मिठामुळे मांसातली काही प्रथिनं सैल होतात आणि शिजतानाही पाणी सोडत नाहीत. आयत्या वेळी लावलेलं मीठ नुसतं वर बसतं. मिठाबरोबर वाटीभर ताक किंवा पातळ दही, आलं-लसूण, मिरपूड, हवं तर रेशादचा एक चमचा, म्हणजे चवीपुरता, चोपडायला नव्हे. माडाचं विनेगर घालायचा मोह आपल्याला होतोच. घाला, पण चमचाभर. तीव्र आंबट रात्रभर मुरलं की मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. आणि हे सगळं फ्रीजमध्ये. मे महिन्यात ओट्यावर ठेवाल तर देव राखो.

कोंबडी आणतानाही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. दुकानदार सवयीनं कातडी सोलतो आणि करी कट मारतो. त्याला आधीच सांगा, कातडी राहू दे आणि सांध्यावर कापून आठ तुकडे कर. कातडीखालची चरबी तळताना वितळते आणि कातडी पापडासारखी होते. किलोभराची ब्रॉयलर बरी. गावठी कोंबडीचं नाव काढू नका. ती वड्यांबरोबर शागुतीतच शोभते. तळायला घेतलीत तर दाताचा दवाखाना जवळ हवा.

पिठाचं बघू. तीन वाट्या मैदा, एक वाटी कॉर्नफ्लोर किंवा तांदळाचं पीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, मीठ, भरपूर मिरपूड. नुसत्या मैद्याचं आवरण चिवट होतं, कारण त्यात ग्लुटेन बनतं. तांदळाच्या पिठात ते नाही. आता माझी एक युक्ती. मुरवलेल्या ताकातलेच तीन-चार चमचे या पिठावर शिंपडायचे आणि बोटांनी चोळायचं. रवाळ कण तयार होतात. तुकडा ताकातून उचलून थोडा निथळायचा, पिठात टाकायचा आणि तळव्यानं दाबायचा. ते कण वर चिकटतात आणि तळल्यावर खडबडीत पापुद्रा येतो. असे तुकडे पंधरा-वीस मिनिटं जाळीवर ठेवून द्या. पीठ ओलावा शोषतं, घट्ट बसतं, कढईत सुटून जात नाही.

तेलाला रिफाईंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा. घाण्याचं खोबरेल लवकर धूर धरतं. माशाला ते हवंच, इथे नको. जाड लोखंडी कढई, अर्ध्याच्या वर तेल नाही. १७० अंशांना तुकडे सोडले की तेल लगेच वीस-पंचवीस अंशांनी उतरतं, म्हणून एका वेळी तीनच तुकडे. सहा कोंबलेत की तेल थंडावतं, वाफेचा रेटा कमी पडतो आणि पीठ तेल पिऊन बसतं. नंतर आच अशी सांभाळायची की तेल दीडशे ते एकशे साठच्या दरम्यान राहील. थर्मामीटर नसेल तर पिठाचा ओला कण टाका: तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल कमी तापलंय, पडताक्षणी वरच फुलला तर बरोबर, आणि लगेच तपकिरी झाला तर गॅस बारीक.

त्याहून चांगलं साधन म्हणजे कान. सुरुवातीला पावसानं पत्र्यावर धिंगाणा घालावा तसा आवाज येतो. पाणी कमी होत जातं तसा तो उतरतो, बुडबुडे लहान आणि विरळ होतात. नवव्या-दहाव्या मिनिटाला आवाज बदलला की मला पाठमोरीलाही कळतं. तरी पाहुण्यांसाठी करत असाल तर सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्याच. जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसले की झालं. रंगावर जाऊ नका. ब्रॉयलर कोवळी असते, तिच्या हाडातला लाल रंग शिजल्यावरही आजूबाजूला उतरतो. म्हणजे लाल दिसलं तरी कच्चं असेलच असं नाही. माझं मात्र कच्चंच होतं!

काढल्यावर वर्तमानपत्रावर ठेवू नका. खालच्या बाजूची वाफ अडकते आणि पापुद्रा मऊ पडतो. शिवाय छपाईची शाई पोटात कशाला? जाळीवर ठेवा. पावसाळ्यात आपल्या हवेत इतकं पाणी असतं की अर्ध्या तासात कुरकुरीतपणा उतरतो. त्याला उपाय दोनदा तळणं. कोरियात तसं करतात. पहिल्यांदा १५० ला शिजवून काढायचं, दहा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात आतलं पाणी बाहेरच्या थरात येतं. मग १८५ ला दोन मिनिटं, की तेही उडून जातं.

मगाशी एका वहिनींनी विचारलं, कुकरमध्ये तळलं तर लवकर होतं ना? केएफसीवाल्या हार्लंड सँडर्स यांनी अमेरिकेत, केंटकीत १९३९ साली दाबाखाली कोंबडी तळायला सुरुवात केली, ही गोष्ट खरी. पण पुढे त्यासाठी खास यंत्रं बनली. आपला कुकर पाण्याच्या वाफेसाठी बनलेला आहे. त्याची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह कडकडीत तापलेल्या तेलासाठी नाहीत. झाकण उडालं तर काय होईल ते मी सांगायला नको. कृपा करून करू नका. तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, हेही लक्षात असू दे. गॅस बंद, वर झाकण.

काफ्रेआलचं विचारणाऱ्यांना एकच सांगते: तो फ्राइड चिकन नव्हे. मोझांबिकहून पोर्तुगीज अमलात इथे आलेला तो हिरव्या मसाल्याचा प्रकार आहे. त्याला पीठच नाही, आणि त्याच्यावर बोलायला वेगळी संध्याकाळ हवी.

श्रावण लागायला अजून आठवडा आहे, आज कुणाचं शिवराक, म्हणजे शाकाहार, नसावं असं धरून मी तंगड्या कालच मुरवून आणल्यात. पुढच्या रांगेनं खुर्च्या जरा मागे घ्या. गॅस पेटवलाय. पंखा आता बंद करा, मला आवाज ऐकायचाय. हा कण टाकते. फुलला? नाही अजून. थांबूया.