बिबट्या दिसला नाही, तर बरंच

श्रोतेहो, नमस्कार.

शिराळा, वाळवा, कराड, पाटण या भागातल्या माणसाला बिबट्या काय चीज आहे हे मी सांगायला नको. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. तीही दिसते ती बहुतेक कॅमेऱ्यातच. आपल्या बांधाला महिनोन्‌महिने राहून हा प्राणी नजरेस पडत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. आणि तीच आपण मंडळी पोराबाळांना घेऊन प्राणीसंग्रहालयात गेलो की जाळीला नाक लावून म्हणतो, "कुठंय? दिसत नाही. तिकिटाचे पैसे फुकट गेले!"

आज बोलायचंय ते या तक्रारीबद्दल. माझं मत विचाराल तर बिबट्या झटकन दिसत नसेल तो पिंजरा बरा समजावा.

आपल्याकडे केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झालं. त्याच्या निकषांप्रमाणे बिबट्याच्या जोडीला बाहेरची मोकळी जागा किमान ५०० चौरस मीटर हवी. आपल्या हिशेबात जेमतेम पाच गुंठे. वाघ-सिंहाला याच्या दुप्पट. आता दुसरी गोष्ट ऐका. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेजच्या बाजूला सोडलं होतं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. हे आजोबा चालत चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचले. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास! तेव्हा पाचाचे सात गुंठे केले म्हणून बिबट्याचं फार भलं होतं, या भ्रमात राहू नये. त्या पाच गुंठ्यांत काय ठेवलंय, हे बघायचं.

पहिली बघायची ती उंची. सिंहासाठी खंदक चालतो. बिबट्या झाडावर चढणारा आणि एका झेपेत सहा मीटर जाणारा प्राणी. त्याला आत ठेवायचं तर वरूनही जाळी घालावी लागते, नाहीतर भिंतीजवळ एकही झाड उभं ठेवता येत नाही. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, पण त्यात सावली जाते आणि चढायची सोयही जाते. मचाण असलं तरी ते आपल्या डोक्याच्या वर हवं. आपण कठड्यावरून वाकून खाली बघतोय आणि तो खड्ड्यात, अशी रचना असेल तर त्या जनावराला दिवसभर स्वस्थता कुठून मिळणार?

मग जमीन बघा. जाळीच्या कडेकडेने एक पट्टी दिसते का? गवत नाही, माती टणक आणि गुळगुळीत, कोपऱ्यात वळायची जागा थोडी खोलगट. ही येरझारांची वाट, म्हणजे जनावर अस्वस्थ असल्याची खूण. दक्षिण भारतातल्या चार प्राणीसंग्रहालयांतल्या बिबट्यांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेच आढळलं : येरझारा जाळीच्या कडेला, विसावा मात्र मागच्या, आडोशाच्या भागात. जिथे ओंडके, झाडं आणि आडोसा होता, तिथे येरझारा कमी. एखाद्या ओंडक्यावर नखांचे ताजे ओरखडे असतील, साल लोंबत असेल, आतलं लाकूड पांढरं दिसत असेल, तर समजा की त्याला स्वतःचं असं काहीतरी मिळालंय. नुसती फरशी असेल आणि ती रोज पाइपाने धुतली जात असेल, तर त्याने वासाने आखलेली हद्दही रोज गटारात जाते. (फिनेलचा वास येत असेल तर जरूर विचारा. मांजराच्या कुळाला फिनॉल पचत नाही, बाधतं.)

झुडपं मुळात कमी का, तर आपल्यामुळेच. "दिसत नाही" अशा चार तक्रारी आल्या की पुढच्या झुडपांवर कात्री चालते. त्यावर पुन्हा शिट्ट्या, जाळी वाजवणं, खडे मारणं. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ३८-जे कलमाने प्राण्याला चिडवणं, खायला घालणं, गोंगाट करणं हा गुन्हा आहे. पाटीवर लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण?

एक मात्र खरं, संध्याकाळी येरझारा दिसल्या म्हणून लगेच कुणाला दोष देऊ नका. मटण यायच्या आधी त्या वाढतातच. सकाळी शांतपणे बघा.

मला सगळ्यात जास्त खटकते ती रात्र. बिबट्याचा खरा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो, आणि बऱ्याच ठिकाणी नेमकं तेव्हाच त्याला आतल्या खोलीत घेतात. त्या खोलीचं किमान माप आहे दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद. साध्या कॉटपेक्षा जरा मोठी. ज्या पाच गुंठ्यांचं कौतुक आपण ऐकतो, ते रात्रभर रिकामे पडलेले असतात!

सहली घेऊन जाणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी तिथल्या रक्षकाला एवढंच विचारावं, "रात्री याचं बाहेरचं दार उघडं ठेवता का?" नाही म्हणाला तर का नाही, तेही विचारा. जाळी तेवढी भक्कम नाही म्हणाला, तर तो खर्चाचा प्रश्न. रात्रपाळीला माणूस नाही म्हणाला, तर तो भरतीचा. दोन्हीसाठी अर्ज ती बाग चालवणाऱ्या महापालिकेकडे करता येतो, आणि शाळेच्या लेटरहेडवरचा अर्ज आवक-जावक नोंदीत चढतो.

नमस्कार.