शिक्षकाला नोकरीवरून काढायचं कसं?

या सभागृहात पुढच्या दोन रांगांत संस्थाचालक बसलेत आणि मागे शिक्षक. त्यामुळे आधीच सांगून ठेवतो, आज कुणीच पूर्ण खूश होऊन घरी जाणार नाही.

संस्थाचालक मला हटकून विचारतात, "वकीलसाहेब, एकदा कायम झालेल्या शिक्षकाला काढताच येत नाही का हो?" शिक्षक विचारतात, "संस्थेनं उद्या काढलं तर आम्ही जायचं कुठं?" दोघांचं उत्तर एकाच कायद्यात आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977. नाव लांबलचक, म्हणून सगळे 'एमईपीएस' म्हणतात. तो लागू झाला 15 जुलै 1981 रोजी, नियमावलीही त्याच वर्षीची. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे नियम वेगळे आहेत, ते आज बाजूला ठेवू.

असा स्वतंत्र कायदा कशाला हवा होता? गोव्याचं एक प्रकरण बघा. तिथल्या एका खाजगी शाळेनं 1975 मध्ये एका शिक्षिकेला काढलं. त्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागायला गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि 1988 मध्ये निकाल लागला की शिक्षक हे त्या कायद्याच्या अर्थानं कामगार नाहीत. म्हणजे कामगाराला जे दार उघडं, ते शिक्षकाला बंद. आपल्याकडे तोवर याच कायद्यानं शाळा न्यायाधिकरणं, म्हणजे काढलेल्या शिक्षकाचं अपील ऐकणारी न्यायालयं, आलेली होती.

आता संस्थाचालकांकडे वळतो. काढता येतं. नियम 28 मध्ये चार कारणं सरळ लिहिलेली आहेत: गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून आणि सातत्यानं केलेली हयगय, आणि अकार्यक्षमता. ही शेवटची मला फार रोचक वाटते. 'त्याला शिकवता येत नाही' एवढं म्हणून भागत नाही. वारंवार सूचना देऊन आणि सोयी पुरवूनही शिक्षकानं स्वतःचं ज्ञान अद्ययावत ठेवलं नाही, किंवा त्याच्या हातातलं कारण असताना ठरल्या मुदतीत अभ्यासक्रम पुरा केला नाही, तर ती अकार्यक्षमता. आता सांगा, सूचना दिल्याचा कागद तुमच्या दप्तरी आहे? मुख्याध्यापकांनी वर्गात मागच्या बाकावर बसून पाठ पाहिला आणि लॉगबुकात दोन ओळी लिहिल्या, असं शेवटचं कधी झालं? बहुतेक शाळांत लॉगबुक निघतं ते तपासणीच्या आदल्या दिवशी.

मग येते चौकशी. आरोप लेखी, रजिस्टर पोस्टानं, उत्तराला सात दिवस. उत्तर पटलं नाही तर तीन जणांची समिती. एक व्यवस्थापनाचा, एक शिक्षकानं स्वतः निवडलेला खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. हा तिसरा माणूस म्हणजे सगळ्या व्यवस्थेचा कणा. पण होतं काय, संस्था 'आपल्यातलेच' एक गुरुजी शोधते. ते बैठकीला येतात, चहा घेतात, तयार अहवालावर सही करतात. असा अहवाल न्यायाधिकरणात उलटतपासणीच्या पहिल्या अर्ध्या तासात कोसळतो. चौकशी साधारण 120 दिवसांत संपवायची असते. निलंबित करायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची आधी मंजुरी हवी, आणि त्यांच्या परवानगीशिवाय निलंबन चार महिन्यांपुढे नेता येत नाही. मंजुरी न घेता केलंत तर निर्वाहभत्ता, म्हणजे निलंबनाच्या काळात गुजराणीसाठी द्यायचे पैसे, पहिल्या दिवसापासून संस्थेच्या खिशातून. हा नियम वाचून दाखवला की पुढच्या रांगांत एकदम शांतता होते. आत्ताही झाली.

औरंगाबादचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात तपशिलानं आलंय, ते प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीत मोठ्यानं वाचावं. शाळेची इमारत संस्थाचालक कुटुंबातल्याच एकाच्या मालकीची. सरकारी अनुदानात तिचं भाडंही येत होतं. महापालिकेनं मालमत्ता व्यावसायिक धरून 79,974 रुपयांचं कराचं बिल पाठवलं. मुख्याध्यापिका, ज्या संस्थेच्या अध्यक्षही होत्या, त्यांनी कर्मचाऱ्यांना पत्र दिलं: कर भरायला प्रत्येकानं महिना 1,500 रुपये द्यावेत. एक शिक्षिका सोडून सगळे तयार झाले. मग त्या एकटीच्या नावानं मेमो सुरू झाले. एक नाही, दोन नाही, पंचवीस. बाईंनी प्रत्येकाला उत्तर दिलं. नोव्हेंबर 2006 मध्ये निलंबन, शिक्षणाधिकाऱ्यांनी त्याला मान्यता नाकारली, तरी ते उठलं नाही. जून 2007 मध्ये सेवा समाप्त. न्यायाधिकरणानं 2009 मध्ये आदेश रद्द करून पूर्ण पगारासह परत घ्यायला सांगितलं. उच्च न्यायालयानं नोकरी राखली, मागचा पगार मात्र काढून टाकला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पूर्ण परत दिला. बेकायदा काढलेल्या माणसाला मधल्या काळात पोट कसं भरलं हे विचारून त्याचा पगार कापला, तर दंड त्यालाच बसतो आणि बक्षीस संस्थेला, असा एकूण त्या निकालाचा रोख आहे.

म्हणजे कायम शिक्षकाला बऱ्यापैकी संरक्षण आहे. खरी भीती त्याच्या आधीच्या वर्षांत. परिविक्षा, म्हणजे कायम होण्याआधीचा पारखण्याचा काळ, दोन वर्षांची; सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षणसेवकाची तीन. त्या काळात काम किंवा वागणूक समाधानकारक नाही असं वाटलं तर संस्था एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन मोकळी. तिथंही कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून नोंद ठेवायची असते, पण ती ठेवतो कोण! मुदत पुरी झाली की कायद्यानं शिक्षक आपोआप कायम ठरतो. म्हणूनच काही संस्था परिविक्षेची वेळच येऊ देत नाहीत. पद कायमस्वरूपी रिकामं, नेमणूक मात्र 'या शैक्षणिक वर्षापुरती'. एप्रिलअखेर घरी, जूनमध्ये पुन्हा नवा आदेश. तासिका तत्त्वावरच्यांची तर गोष्टच नको. शिक्षक मित्रांनो, आदेश हातात पडला की पगाराचा आकडा नंतर बघा, आधी पद कायम आहे की तात्पुरतं, आणि जाहिरात निघाली होती का, ते बघा. आणि काढलं तर साहेबांकडे, आमदारांकडे खेटे घालण्यात महिना घालवू नका. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवस आहे.

राजीनाम्याचंही सांगतो. कायद्याच्या कलम 7 प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारखेसह, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेकडे, दुसरी स्वतःजवळ. एवढी कटकट कशासाठी? नेमणुकीच्या दिवशीच बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन तो कपाटात ठेवायची जुनी रीत मोडायला.

पण याच राजीनाम्याची दुसरी बाजू मला जास्त खुपते. विद्यार्थिनीशी असभ्य वागल्याची तक्रार येते. चौकशी केली तर गावात बोभाटा, संस्थेचं नाव खराब. मग अध्यक्ष शिक्षकाला बोलावतात, "तुम्ही राजीनामा द्या, आम्ही काही लिहीत नाही." तो जातो आणि पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यात रुजू होतो, चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासह. नैतिक अधःपतनाचं कलम नेमकं यासाठी आहे. पंचवीस मेमो काढायला ज्यांच्याकडे वेळ असतो, त्यांना इथं एक चौकशी जड जाते. आणि अशा तक्रारीत पोलिसांना कळवणं हे पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, कर्तव्यच आहे, अध्यक्षांच्या मर्जीचा विषय नाही.

शेवटी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, कारण चिठ्ठ्या त्याच्याच जास्त आल्यात. महाराष्ट्रातूनही गेलेल्या अपिलांवर सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 रोजी निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची निवृत्ती पाच वर्षांहून लांब आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीपुरती सूट, बढतीला नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवलाय. माझ्या मते वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाची नोकरी एका परीक्षेवर टांगणं कठोर आहे. इथं ना आरोपपत्र, ना समिती, ना पुरस्कारप्राप्त गुरुजी. पण माझं मत तुमच्या सेवापुस्तकात चिकटवता येणार नाही. तेव्हा चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी परीक्षेचा अर्ज भरलाय, तेवढे हात आधी वर करा, मग प्रश्न घेतो.