शितावरून भाताची परीक्षा, पण पातेलं कुठलं?

लास वेगासला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात झालेले असतात. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, कोर्टावर पाणी, म्हणजे सकाळची प्रॅक्टिस बंद. मग मी चहा घेऊन टीव्हीवर बास्केटबॉलची समर लीग लावून बसतो. बायको येता-जाता विचारते, "हा कोण?" मी म्हणतो, "माहीत नाही." ती म्हणते, "मग बघताय कशाला?" आजचं हे व्याख्यान म्हणजे तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा.

इथे पालक बरेच दिसतायत, म्हणून आधी थोडी माहिती. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा मोसम ऑक्टोबरपासून जूनपर्यंत चालतो. जूनच्या अखेरीस ड्राफ्ट होतो. ३० संघ दोन फेऱ्यांत मिळून साधारण ६० नवे खेळाडू घेतात. पहिल्या फेरीत निवड झालेल्या मुलाचा किमान दोन वर्षांचा पगार पक्का असतो. दुसऱ्या फेरीतल्याला तशी हमी नसते. त्याला सप्टेंबरात "धन्यवाद" म्हणून घरी पाठवलं तरी फारसं काही बिघडत नाही, निदान संघाचं तरी. आणि ड्राफ्टनंतर दोनेक आठवड्यांत ही सगळी मुलं समर लीगमध्ये उतरतात. वेगासची लीग २००४ पासून चालू आहे, तिथल्या विद्यापीठाच्या दोन हॉलमध्ये. संघाच्या वाट्याला पाचेक सामने येतात.

आता ४५ व्या, ५० व्या क्रमांकावर घेतलेला एखादा मुलगा या पाच सामन्यांत चमकतो, आणि चाहत्यांचं लगेच उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. "अरे, हा ५० व्यावर कसा राहिला? बाकीच्यांचे डोळे फुटले होते का?" माझंही अनेकदा असंच झालंय.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खोटी नाही. एक शीत दाबून पाहिलं की भात शिजलाय की नाही ते कळतं, कारण ते शीत त्याच पातेल्यातलं असतं आणि त्याला आचही तीच लागलेली असते. समर लीगचं पातेलंच निराळं. सामना ४८ ऐवजी ४० मिनिटांचा. सहा फाउलवर खेळाडू बाहेर जातो, तो इथे दहावर जातो. एका संघातली मुलं एकमेकांना जेमतेम आठवडाभर ओळखत असतात. बचाव करताना कोण कुठे सरकणार हे ठरलेलं नसतं. समोरच्या पाचांपैकी दोन-तीन जण पुढच्या हिवाळ्यात तुर्कस्तानात किंवा फिलिपिन्समध्ये खेळत असतील. अशा गर्दीत ज्याचा ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, जरा पक्कं आणि अंगात जरा वेग, तो २५ गुण करतोच. वासरांत लंगडी गाय शहाणी.

जॉश सेल्बीचं उदाहरण घ्या. २०११ च्या ड्राफ्टमध्ये मेम्फिस संघाने त्याला ४९ व्या क्रमांकावर घेतलं. २०१२ च्या समर लीगमध्ये त्याने तीन गुणांचे ४२ फटके मारले आणि त्यांतले २७ बास्केट झाले. रिकाम्या हॉलमध्ये एकट्याने मारतानासुद्धा तुम्ही-आम्ही हे करू शकणार नाही. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून दोघांना मिळून बक्षीस मिळालं, एक सेल्बी आणि दुसरा डेमियन लिलार्ड. लिलार्ड पुढे एनबीएतला मोठा खेळाडू झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. सेल्बीला जानेवारी २०१३ मध्ये मेम्फिसने दुसऱ्या संघाकडे देऊन टाकलं, आणि त्या मोसमानंतर तो एनबीएत दिसला नाही. आख्ख्या कारकिर्दीत चाळीससुद्धा सामने नाहीत.

याला नशीब म्हणून सोडून देता येतं का? थोडा हिशोब करू. फळा आहे म्हणून करतो, घाबरू नका. समजा, एका मुलाचा नेम खरोखर ३५ टक्क्यांचा आहे. एनबीएच्या मानाने ठीकठाक. पाच सामन्यांत तो वीस थ्री-पॉइंटर मारेल. सात पडायला हवेत. पण नाणेफेकीसारखा हिशोब मांडला तर अशा शंभर मुलांपैकी साधारण बाराजणांचे दहा किंवा जास्त पडतील, म्हणजे ५० टक्के! आणि तितक्याच, बाराएक मुलांचे चार किंवा त्याहून कमी पडतील, म्हणजे २० टक्के. नेम सगळ्यांचा एकच, हे लक्षात घ्या. तीस संघ, प्रत्येकात पाच-सहा नेमबाज. म्हणजे दर जुलैत पंधरा-वीस "शोध" लागणार आणि तितकीच पोरं विनाकारण बदनाम होणार. म्हणून मी थ्री-पॉइंटर मोजतच नाही. कॉलेजच्या दोन-तीन वर्षांतला फ्री थ्रोचा आकडा काढून बघतो. तिथे फटके शेकड्यांनी असतात, आणि हात धरायला समोर कुणी नसतं.

पण सेल्बीचे ४२ पैकी २७ या हिशोबातही बसत नाहीत. ते नुसतं नशीब नव्हतं. त्या पंधरवड्यात तो खरंच तसा खेळला. मग अडलं कुठे?

माझं आजचं म्हणणं या एका जागी आहे. उशिरा निवडलेल्या मुलाला समर लीगमध्ये चेंडू दिला जातो, आणि ऑक्टोबरात तोच चेंडू काढून घेतला जातो. मेम्फिसकडे चेंडू हातात ठेवायला माइक कॉन्ली होता. सेल्बीला तिथे मिळणार होती रात्रीची आठ-दहा मिनिटं, आणि त्या मिनिटांत काम काय, तर कोपऱ्यात उभं राहा, आपला माणूस सोडू नका, चेंडू आला तर मारा किंवा पुढे द्या. वेगासमध्ये त्याने जे करून दाखवलं ते काम त्याला कुणी सांगणारच नव्हतं. लग्नात ज्याने पंगतीत वाढायचं आहे, त्याची परीक्षा आपण सनईवादनात घेतली असं झालं.

म्हणून हातात चेंडू नसताना मुलगा काय करतो, ते बघायचं. एक साधा प्रसंग सांगतो, पुढच्या जुलैत ताडून बघा. समोरचा संघ उजव्या बाजूला पिक अँड रोल खेळतोय, म्हणजे एकजण चेंडूवाल्याच्या बचावपटूला आडवा उभा राहतो (हा पिक) आणि मग स्वतः रिंगकडे धावतो. आपला मुलगा डाव्या कोपऱ्यात, त्याचा माणूस तिथे उभा आहे. पिक लागला, त्यांचा उंच सेंटर रिंगकडे धावला. आता आपल्या मुलाने आपला माणूस सोडून दोन पावलं आत यायचं, सेंटरच्या वाटेत छाती आडवी घालायची, आणि चेंडू कोपऱ्यात फेकला गेला की उलट धावत जाऊन हात वर करायचा. सगळं मिळून दोन-अडीच सेकंद. आकड्यांच्या तक्त्यात याची कुठेही नोंद नाही. शंभरातले साठ मुलगे तिथे चेंडूकडे बघत उभे राहतात. वीस जण आत येतात, पण उशिरा. उरलेल्यांत एखादा असा असतो की पिक लागण्याआधीच त्याचा एक पाय आत पडलेला असतो आणि तोंडाने तो बाकीच्यांना ओरडून सांगत असतो. (आकडे अंदाजाने बोलतोय, हे शास्त्र नव्हे.) त्याच्या नावापुढे मी वहीत फुली मारतो. फुली म्हणजे चांगलं. बायकोला हेही पटत नाही.

हे मी शिकलो ते अमेरिकेकडे बघून नव्हे. पंधराएक वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शिबिरात माझ्याकडे एक मुलगा होता. नाव सांगत नाही, आज तो चांगल्या नोकरीत आहे. शिबिराच्या सामन्यांत त्याने धुमाकूळ घातला. मी त्याला संघात घेतलं आणि दुसऱ्या एका मुलाला वगळलं. हा दुसरा बोलायचा नाही, गुण करायचा नाही, फक्त फटका सुटला की पाठ लावून समोरच्याला रिंगपासून लांब ढकलायचा. पहिल्याच बाद सामन्यात आम्ही शेवटच्या मिनिटात तीन रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू, गमावले. तिन्ही वेळा माझा हिरो चेंडू आत जातोय का ते मान वर करून बघत होता. वगळलेला मुलगा प्रेक्षकांत बसलेला. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तो बास्केटबॉलकडे फिरकला नाही.

असो. काही गोष्टी समर लीगमधूनही खऱ्या कळतात, नाही असं नाही. २०१५ ला वेगासचा सर्वोत्तम खेळाडू ठरला काइल अँडरसन. आदल्या वर्षी पहिल्या फेरीतला सगळ्यांत शेवटचा, ३० वा. त्याच्या सॅन अँटोनियो संघाने ती स्पर्धाही जिंकली, आणि प्रशिक्षक होत्या बेकी हॅमन. समर लीगमध्ये पुरुषांच्या संघाची धुरा सांभाळणाऱ्या त्या पहिल्या बाई. अँडरसन इतका संथ की त्याला टोपणनावही त्यावरूनच पडलंय. पण पास कधी द्यायचा, रिबाउंडला कुठे उभं राहायचं, हात कधी घालायचा, हे त्याला कळत होतं. हे गुण चेंडू काढून घेतला तरी उरतात. त्याची कारकीर्द लांबली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१४ ला, हेच बक्षीस ग्लेन राइस ज्युनिअरला मिळालं होतं, तो सेल्बीसारखा दुसऱ्या फेरीतला, ३५ वा. भरपूर गुण केले. पुढच्या जानेवारीत वॉशिंग्टनने त्याला सोडून दिलं. हे तिघेही, सेल्बी, राइस, अँडरसन, आपल्या दुसऱ्या उन्हाळ्यात चमकले होते. एक वर्ष व्यावसायिक खेळून आलेला मुलगा नवख्यांत उठून दिसणारच, तेव्हा मुलाचं वय आणि उन्हाळा कितवा ते आधी बघा. दहावीला दुसऱ्यांदा बसलेल्याचे गणिताचे मार्क आपण जसे वाचतो, तसे.

आता सतनाम. मला माहीत आहे, तुम्ही त्याचीच वाट बघताय.

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा. सात फूट दोन इंच. किशोरवयातच फ्लोरिडातल्या अकादमीत गेला, आणि २५ जून २०१५ ला डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. त्या दिवशी माझ्या फोनवर इतके निरोप आले की जणू मीच निवडला गेलो. पुढच्याच महिन्यात तो वेगासला समर लीग खेळला. नंतर दोन मोसम एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, टेक्सासच्या विकास-संघात काढले. एनबीएचा मुख्य सामना त्याच्या वाट्याला कधी आला नाही, आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला.

त्याचं चुकलं काय, असं लोक विचारतात. मी तारीख दाखवतो. त्या ड्राफ्टच्या नऊ दिवस आधी, १६ जूनला, गोल्डन स्टेट हा संघ एनबीएचा विजेता झाला होता. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात त्यांनी आपला सात फुटी सेंटर बोगट याला सुरुवातीच्या पाचांतून काढलं आणि सेंटरच्या जागी ड्रेमंड ग्रीनला खेळवलं, जेमतेम साडेसहा फुटांचा. ग्रीनसुद्धा दुसऱ्या फेरीतलाच, २०१२ चा ३५ वा. पहिल्या मोसमात सामन्याला सरासरी तीन गुणही नव्हते त्याचे. पण मघाशी सांगितलं ते दोन-अडीच सेकंदांचं काम त्याच्याइतकं कुणी करत नव्हतं. सतनामने लहानपणापासून ज्या नोकरीची तयारी केली, रिंगखाली पाय रोवून उभं राहायची, त्या नोकरीची जाहिरातच त्या जूनमध्ये बंद व्हायला लागली होती. समर लीगमध्ये तो कसाही खेळला असता, तरी हे त्यातून दिसलं नसतं.

आणि त्याच जुलैत, त्याच वेगासमध्ये, सतनामच्याच सालचा, १९९५ मध्ये जन्मलेला आणखी एक उंच मुलगा खेळत होता. निकोला योकिच. २०१४ चा ४१ वा. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती. तो वर्षभर सर्बियातच राहिला आणि तिकडच्या देशांच्या एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मोठ्या माणसांच्या लीगमध्ये, एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी! ती शितं खऱ्या पातेल्यातली होती आणि चांगली मूठभर होती. ज्यांनी ती दाबून पाहिली त्यांना वेगासच्या पाच सामन्यांची गरज नव्हती. पुढे तीन वेळा तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला, २०२३ ला डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं.

वेळ संपत आली. एक प्रश्न घेतो. हो, मागे, निळा शर्ट.

"सर, २०१५ मध्ये तुम्ही वहीत काय लिहिलं होतं?"

हा प्रश्न येणार अशी भीती होतीच. वही आणली आहे. सतनामच्या नावापुढे लिहिलंय, "हात मऊ, पाय जड." हे ठीक होतं. डेन्व्हरचं पान सगळं इमॅन्युएल मुडिएवर आहे, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला सातवा. सहा ओळी, दोन उद्गारचिन्हं. खाली कोपऱ्यात योकिच. एकच शब्द आहे.

"जाडा."